अटक झालेल्याचं नाव छापायचं का? इतर देशांतली वर्तमानपत्रं काय करतात?

स्नेहलतागंज (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरच्या एका हिंदी दैनिकात सिटी डेस्कवर आहे. घरात मराठी, दिवसभर हिंदी. प्रश्न कामाचा आहे. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे क्राइमच्या बातम्यांबद्दल बैठक आहे आणि तिथे मला काहीतरी ठोस मांडायचं आहे.

रात्री थान्याच्या, म्हणजे पोलीस ठाण्याच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रेसनोट येते. त्यात आरोपीचं नाव ठरलेल्या साच्यात असतं: अमुक पिता तमुक, वय इतकं, निवासी अमुक गल्ली, अमुक कॉलनी. आम्ही तो साचा जसाच्या तसा उचलतो. मोबाईल हिसकावल्याची सिंगल कॉलम बातमी असली तरी बापाचं नाव, गल्ली, कधीकधी घराचा नंबरसुद्धा छापून येतो. सोबत फोटो: मुलं रांगेत उभी, मागे शिपाई, एखाद्याच्या पायाला प्लास्टर. गुंडगिरीचं प्रकरण असलं की जुलूस निघतो. बाहेरच्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगते, ज्या वस्तीत गुन्हा घडला तिथूनच पोलीस आरोपींना पायी फिरवतात, कान धरायला लावतात, घोषणा म्हणवून घेतात. त्याचे व्हिडिओ शहरभर फिरतात आणि सकाळी फोटो आमच्या पानावर. अजून कोर्टात पहिली तारीखही लागलेली नसते.

मागे एक गृहस्थ ऑफिसात आले होते. एका हातात निकालाची झेरॉक्स, दुसऱ्या हातात आमच्याच पेपरचं जुनं कात्रण, लॅमिनेट केलेलं. मुलगा निर्दोष सुटला होता. त्या कात्रणात बॉलपेननं रेघ मारलेली होती, ती मुलाच्या नावाखाली नव्हती, त्यांच्या स्वतःच्या नावाखाली होती. 'इसी जगह, इतनी ही बड़ी छापिए,' एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी चार ओळी लागल्या, त्याही बाहेरगावी जाणाऱ्या डाक एडिशनमध्ये, म्हणजे त्यांच्या गल्लीत कुणाच्याच हाती पडल्या नसणार. मला हे सहन होत नाही.

माझी मावसबहीण स्टॉकहोमला असते. ती सांगते, तिथे असल्या बातमीत 'पस्तीस वर्षांचा माणूस' एवढंच लिहितात. नवल म्हणजे स्वीडनमध्ये सरकारी कागद सगळ्यांना खुले आहेत, १७६६ पासून तसा कायदा आहे. कुणीही कोर्टात जाऊन निकाल मागू शकतो. नाव लपवलेलं नसतंच, पेपर आपणहून छापत नाहीत.

तर प्रश्न असा: बाकी देशांत हे कोण ठरवतं? कायदा, संपादक, की नुसता रिवाज? आणि नाव न छापल्यानं काही बिघडतं का? 'तिकडचे लोक सुधारलेले, आपण मागासलेले' एवढंच सांगायचं असेल तर कृपया नको, त्याचा मला बैठकीत काही उपयोग नाही.

मिलिंद_लाइपझिग

ताई, मी पत्रकार नाही. इथल्या एका वर्तमानपत्र समूहाचं संगणकाचं काम बघतो, त्यामुळे संपादकीय विभागातल्या चर्चा कानावर पडतात.

जर्मनीत प्रेसराट नावाची संस्था आहे, १९५६ पासून. ती सरकारी नाही, प्रकाशक आणि पत्रकार संघटनांनी मिळून चालवलेली आहे. तिच्या आचारसंहितेतलं आठवं कलम व्यक्तीच्या खाजगीपणाचं. गुन्ह्याच्या बातमीत पूर्ण नाव आणि ओळखू येणारा फोटो तेव्हाच, जेव्हा समाजाला ते कळण्याची गरज त्या माणसाच्या हितापेक्षा मोठी असेल. म्हणून इथे 'आंद्रेआस एल.' अशी नावं दिसतात: पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर. २०१५ साली जर्मनविंग्जचं विमान आल्प्समध्ये पाडणाऱ्या सहवैमानिकाचं पूर्ण नाव छापावं का, यावरही इथे वाद झाला. दीडशे माणसं गेली होती, तरीही. प्रेसराटनं शेवटी नाव छापणं योग्य ठरवलं, पण त्याचा विचार करावा लागला, हे महत्त्वाचं.

हे सगळं कुठून आलं, तर त्यात १९७३ च्या एका निकालाचा मोठा वाटा आहे. १९६९ मध्ये लेबाख गावाजवळच्या लष्करी दारूगोळा कोठारावर हल्ला झाला आणि चार सैनिक मारले गेले. त्या कटात मदत केलेला एक जण शिक्षा भोगून सुटण्याच्या बेतात होता आणि नेमक्या त्याच वेळी झेडडीएफ वाहिनी त्या प्रकरणावर नाट्यरूप माहितीपट दाखवणार होती, नाव आणि फोटोसकट. तो माणूस घटना न्यायालयात गेला आणि न्यायालयानं प्रक्षेपण थांबवलं. कारण दिलं ते असं, की ताजी बातमी देताना लोकांचा जाणून घेण्याचा हक्क सहसा वरचढ, पण शिक्षा भोगून माणूस परत समाजात यायला निघाला की पारडं त्याच्या बाजूला झुकतं. लक्षात घ्या, तो निर्दोष नव्हता. गुन्हेगाराच्या बाबतीत हा विचार झाला.

पुढे २०१९ मध्ये त्याच न्यायालयासमोर एक जुनं खुनाचं प्रकरण आलं. १९८१ मध्ये एका नौकेवर दोघांचा खून करणारा माणूस, शिक्षा भोगून बाहेर, आणि त्याचं नाव इंटरनेटवर शोधलं की एका साप्ताहिकाचे त्या काळचे लेख सगळ्यात वर. न्यायालयानं लेख पुसायला सांगितले नाहीत. नुसतं नाव टाकल्यावर ते लेख समोर येणार नाहीत अशी तांत्रिक सोय करता येईल का, याचा विचार व्हायला हवा असं म्हटलं. ही सोय आमच्यासारखे लोक करू शकतात, त्यात अवघड काही नाही.

मात्र सगळे गुणी आहेत असं समजू नका. प्रेसराटकडे दंडाचा अधिकार नाही. ती जाहीर ताशेरा देते आणि तो आपल्याच पानावर छापायचा असतो. सगळ्यात जास्त ताशेरे 'बिल्ड'ला मिळतात, ते इथलं मोठ्या खपाचं दैनिक आहे आणि तरीही ते तसंच चालतं.

जुलूसच्या फोटोबद्दल: फ्रान्समध्ये २००० सालच्या कायद्यानं, दोषी न ठरलेल्या माणसाचा बेड्या घातलेला, ओळखू येणारा फोटो त्याच्या संमतीशिवाय छापणं गुन्हा आहे. २०११ साली नाणेनिधीचे प्रमुख स्ट्रॉस-कान यांना न्यूयॉर्क पोलिसांनी बेड्या घालून कॅमेऱ्यांपुढून नेलं, तेव्हा फ्रान्समध्ये लोक खवळले होते ते यामुळेच. अमेरिकेत पोलिसांनी आरोपीला असं चालवत नेणं नित्याचं आहे. तो खटला नंतर सरकारी वकिलांनीच मागे घेतला.

लष्कर_ग्वाल्हेर

मी ग्वाल्हेरला वकिली करतो, बहुतेक फौजदारी. आपल्याकडचं चित्र स्पष्ट करतो, म्हणजे बैठकीत कुणी 'कायद्यात कुठे लिहिलंय' म्हणालं तर उत्तर असेल.

बलात्कार पीडितेचं नाव आपला कायदा कडक झाकतो. पूर्वी भारतीय दंडविधानाचं २२८-अ, आता न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सांगितलं, की पीडितेचा मृत्यू झाला तरी नाव उघड करायचं नाही. कठुआच्या मुलीचं नाव छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले. अठराच्या आतल्या मुलाचं नाव बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली छापता येत नाही, मग तो आरोपी असो की पीडित. ताई, तुमच्या प्रेसनोटमध्ये कधी 'नाबालिग' असा उल्लेख असेल आणि तरीही वडिलांचं नाव आणि गल्ली छापली, तर तो सरळ गुन्हा आहे. मुलाचं नाव गाळून बापाचं छापणं म्हणजे ओळख सांगणंच.

पण सज्ञान आरोपीसाठी असं काही नाही. इथे एक फट आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार अटक झाली, की प्रकरण 'चालू' धरलं जातं. त्यानंतर खटल्यावर गंभीर परिणाम होईल असं काही छापलं तर संपादक अडचणीत. २०१० च्या डिसेंबरात ब्रिस्टलला एका तरुणीचा खून झाला. तिचे घरमालक क्रिस्टोफर जेफ्रीज हे निवृत्त शिक्षक. त्यांना पकडलं आणि पेपरांनी त्यांचे केस, त्यांचं बोलणं, शिकवण्याची पद्धत, सगळ्यातून खुनी उभा केला. ते पूर्ण निर्दोष होते, खुनी दुसराच निघाला. पुढच्या वर्षी 'डेली मिरर'ला पन्नास हजार आणि 'सन'ला अठरा हजार पौंड दंड झाला, आणि आठ वृत्तपत्रांनी बदनामीची भरपाई दिली ती वेगळी.

आपल्याकडे १९७१ च्या कायद्यात फौजदारी प्रकरण प्रलंबित धरतात ते चलान, म्हणजे आरोपपत्र, सादर झाल्यापासून, किंवा कोर्टानं समन्स वा वॉरंट काढल्यापासून. अटक ते चलान हा मधला काळ साठ-नव्वद दिवसांचा असू शकतो, आणि जुलूस, फोटो, 'शातिर बदमाश' हे मथळे, सगळं त्याच काळात घडतं. विधी आयोगानं २००६ च्या २०० व्या अहवालात हीच फट दाखवून, अटकेपासून संरक्षण द्या अशी शिफारस केली. ती अजून कागदावर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांनी पत्रकारांना काय सांगावं याची नियमावली करायला गृह मंत्रालयाला सांगितलं, तेही तपासाच्या काळात आरोपी आधीच दोषी ठरवला जातो म्हणूनच.

प्रेस काउन्सिल फक्त ताकीद देऊ शकते, निंदा नोंदवू शकते. दंड नाही. या बाबतीत आपण आणि जर्मनी सारखेच.

सयाजीगंज_काका (वडोदरा)

मी दुसरी बाजू मांडतो. माझं सगळं आयुष्य वडोदऱ्यात गुजराती पेपरात बातमीदारीत गेलं, बराच काळ पोलीस बीट.

तुम्ही सगळे धरून चालला आहात की नाव छापणं आरोपीच्या विरोधातच असतं. मी उलटं पाहिलंय. एका कारागिराच्या मुलाला रात्री घरातून नेलं. थान्यावर विचारलं तर 'इथे कोणी नाही'. आई तीन थान्यांच्या पायऱ्या झिजवत होती. आमच्या बातमीदाराला आतल्या हवालदाराकडून नाव मिळालं, आम्ही ते छापलं, आणि तेच कात्रण घेऊन वकील न्यायाधीशापुढे उभा राहिला. संध्याकाळपर्यंत अटक कागदावर आली. त्या कुटुंबाला विचारा, नाव छापायला हवं होतं की नको.

याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, नियंत्रण कक्षाच्या फलकावर अटकेची माहिती, हे सगळं बंधनकारक केलं. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-क घातलं गेलं: नियंत्रण कक्षाबाहेर अटक झालेल्यांची नावं आणि पत्ते लावायचे. म्हणजे नाव उघड करणं हे आपल्याकडे संरक्षणाचं साधन म्हणूनच कायद्यात आलंय. अमेरिकेतही हाच विचार आहे. कुणाला पकडलं हे सरकारला लपवता येऊ नये, म्हणून अटकेची नोंद सहसा खुली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये फ्लोरिडाच्या एका पेपरला, पोलिसांच्याच कागदातून घेतलेलं पीडितेचं नाव छापल्याबद्दल शिक्षा देता येणार नाही असं म्हटलं. आपल्याला हे ऐकून धक्का बसतो. मलाही बसला. तरीही तिथले बहुतेक पेपर पीडितेचं नाव छापत नाहीत. ते त्यांचं स्वतःचं बंधन.

जर्मनीवाल्या मिलिंदरावांना एक विचारायचंय. २०१५ च्या वर्षअखेरीला कोलोनला स्टेशनजवळ इतक्या स्त्रियांवर हात टाकले गेले, बरेच संशयित परदेशातून आलेले, आणि मोठ्या वाहिन्यांनी कितीतरी उशिरा दाखवलं म्हणून लोक भडकले, ते खरं ना? आमच्याकडे दंग्याच्या बातमीत 'एका समाजाच्या जमावानं' असं लिहायचा दंडक आहे आणि मी तो आयुष्यभर पाळला, दंग्याच्या रात्री एका शब्दानं काय पेटतं ते डोळ्यांनी बघितलंय. पण लपवतात असं एकदा लोकांना वाटलं की ते अफवांकडे वळतात, हेही बघितलंय.

मिलिंद_लाइपझिग

खरं आहे काका. झेडडीएफनं नंतर जाहीर माफी मागितली. आरोपी कुठल्या समाजाचा किंवा देशाचा हे केव्हा सांगावं, याचं कलम प्रेसराटनं २०१७ मध्ये बदललं. आधी बातमी समजायला त्याची गरज असेल तरच, असं होतं. आता लोकांना ते कळण्याचं सबळ कारण असेल तर सांगावं असं आहे. बदलावर संपादकांमध्ये अजून एकमत नाही.

कामाकुरा_वासी

माहेर इंदूरचं, रामबागेतलं. आता बरीच वर्षं जपानमध्ये. इथलं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

इथे अटक झाली की पूर्ण नाव, वय, व्यवसाय छापतात, नावापुढे 'संशयित' लावून. पूर्वी तेही नव्हतं, अटक झाली की नावामागचं आदराचं 'सान' काढून नुसतं नाव टाकत. बातमी मिळते पोलीस मुख्यालयातल्या पत्रकार क्लबातून. मोठ्या पेपरांचे ठरावीक बातमीदार तिथेच बसतात, अधिकाऱ्यांच्या घरीही रात्री जाऊन भेटतात. खटला उभा राहिला तर ९९ टक्क्यांहून जास्त वेळा शिक्षा होते, त्यामुळे अटक म्हणजेच गुन्हा सिद्ध, असं वाचकालाही वाटतं.

जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात रात्री विषारी वायू पसरला, माणसं मेली. पहिली खबर देणारे कोनो योशियुकी. त्यांची बायको त्याच वायूनं बेशुद्ध झालेली. पोलिसांनी त्यांचंच घर झडतीला घेतलं, कारण घरात फोटोग्राफीची रसायनं होती. त्यांना अटकही झाली नव्हती, तरी पेपरांनी त्यांना जवळजवळ गुन्हेगार ठरवलं. घरी धमक्यांची पत्रं यायची. पुढच्या मार्चमध्ये टोकियोच्या मेट्रोत तोच वायू सोडला गेला आणि कळलं की दोन्ही ओम शिनरिक्यो पंथाचं काम. मग पेपरांनी माफी मागितली. त्यांच्या बायकोला शुद्ध आलीच नाही, २००८ मध्ये ती गेली. कोनो नंतर वर्षानुवर्षं पत्रकारांपुढे जाऊन बोलत राहिले.

स्नेहलतागंज, मला यात तुझ्या बैठकीसाठी एक गोष्ट दिसते. तिथे सगळ्या बातम्या एकाच तोंडातून येत होत्या, पोलिसांच्या. तुझी व्हॉट्सॲपवरची प्रेसनोट तीच आहे. नाव छापा की नको छापा याच्या आधी, नोटेत नसलेल्या माणसाला एक फोन करायचा नियम करता येईल का? घरच्यांना, वकिलाला, कुणालाही.

आणि मेलेल्यांच्या नावांचंही आहे. २०१९ मध्ये क्योतो अॅनिमेशनच्या स्टुडिओला आग लावली गेली, ३६ जण गेले. बहुतेक कुटुंबांनी नावं छापू नका म्हणून विनवलं. पोलिसांनी कितीतरी दिवस यादी थांबवली, शेवटी दिली, आणि पेपरांनी छापली. 'नावाशिवाय माणसाच्या मरणाची नोंद राहत नाही,' असा त्यांचा युक्तिवाद. मला तो तेव्हा पटला नाही, अजून पटत नाही.

स्नेहलतागंज (इंदूर)

तुमचे सगळ्यांचे आभार. काका, तुमच्या उत्तरानं माझा मुद्दाच बदलला. मी 'नाव बंद करा' म्हणायला निघाले होते. आता तसं म्हणणार नाही. पोलीस एखाद्याला पकडल्याचं नाकारत असतील तर नाव छापलंच पाहिजे, मोठ्या अक्षरात. पण जुलूसमध्ये पोलीस स्वतःच नाव आणि चेहरा पुढे करतात. तिथे नाव छापून आपण पोलिसांवर लक्ष ठेवत नसतो, त्यांचं काम करत असतो. दोन्हीतला फरक डेस्कवर बसून दोन मिनिटांत ओळखता येतो.

अमेरिकेबद्दल मी अजून वाचलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं २०२१ पासून किरकोळ गुन्ह्यांच्या बातमीत आरोपीचं नाव द्यायचं बंद केलंय. कारण त्यांनी सरळ सांगितलं: अशा प्रकरणांचं पुढे काय झालं याची बातमी आपण सहसा करत नाही, आणि पहिली बातमी मात्र इंटरनेटवर कायम राहते. हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. ज्या प्रकरणाच्या निकालापर्यंत आपण जाणार नाही, त्यातलं नाव छापायचा आपल्याला हक्क नाही. मी हेच मांडणार आहे.

सिटी एडिटरांशी काल चहावर बोलले. जुलूसच्या फोटोबद्दल ते ऐकायला तयार नाहीत, सांध्य दैनिकं आधीच छापून मोकळी होतात म्हणतात. पण छोट्या गुन्ह्यात 'पिता' आणि घराचा नंबर गाळायला ते लगेच हो म्हणाले. मला वाटलं होतं यावरच जास्त वाद होईल. फोटोसाठी मी पुन्हा भांडेन. कामाकुरा, तुझा फोनचा नियम मी लिहून घेतलाय.

वकीलसाहेब, एक मदत हवी. नाव छापलेल्या प्रत्येक प्रकरणाची नोंद ठेवून निकाल शोधायचा असेल तर आम्हाला काय लिहून ठेवावं लागेल? बातमीदाराला रोज कोर्टात पाठवणं शक्य नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

थान्याचं नाव, एफआयआर नंबर आणि वर्ष, एवढं पुरे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एफआयआर नंबरवरून शोध घेता येतो. चलान लागलं की प्रकरणाला अक्षरं आणि अंक मिळून सोळा जागांचा सीएनआर नंबर मिळतो, तो सापडला की एकदा लिहून ठेवा, पुढच्या तारखा आणि अंतिम आदेश त्यावरच दिसतात. आरोपी कोठडीत असेल तर चलान सहसा साठ किंवा नव्वद दिवसांत लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो; त्यामुळे पहिला शोध बातमीनंतर तीन महिन्यांनी घ्या. तडजोड झालेली प्रकरणं लोक अदालतीत निघतात, तिथला निकाल वेगळा दिसतो, गोंधळू नका. बाल न्याय मंडळाची आणि पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची, प्रकरणं या नोंदवहीत नावानं लिहूच नका, ऑफिसातसुद्धा.

आणि ताई, आजपासूनच्या प्रकरणांवर थांबू नका. त्या गृहस्थांच्या मुलाच्या निकालाची झेरॉक्स ऑफिसात असेल तर त्यावरचा नंबर नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा. सिटी एडिशनमध्ये छापायला अजूनही कुठला कायदा आड येत नाही.

स्नेहलतागंज (इंदूर)

झेरॉक्स माझ्या खणात आहे. सोमवारी बैठकीत ती आधी ठेवते.